छपरातल्या काचेसाठी लाख रुपये?

प्रश्न : आम्ही सोलापूरला राहतो. मी सहकारी बँकेत आहे, यजमान महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहेत. इतकी वर्षं दुचाकीवर काढली, आता पहिली चारचाकी घेतोय. एक छोटी पेट्रोल एसयूव्ही नक्की झालीये, अडलंय ते व्हेरियंटवर. खालचं एक्स-शोरूम ९ लाख ६० हजारांचं, वरचं १० लाख ४० हजारांचं. वरच्यात सनरूफ, मोठी स्क्रीन, ऑटोमॅटिक एसी आणि अलॉय व्हील्स जास्तीची. सहा एअरबॅग, ईएससी (वळणावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा), मागच्या सीटसाठी एसी व्हेंट आणि रिव्हर्स कॅमेरा दोन्हींत आहेत. यजमान आणि दोन्ही मुलं (मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा) सनरूफवर अडून बसलेत. मी म्हणते, ही चार दिवसांची हौस, नंतर कोणी त्या बटणाला हातही लावणार नाही. त्यावरून घरात मी कंजूष ठरलेय. सासूबाईंना गाडी लागते, त्यांनाही वाटतं की वरून हवा आली तर बरं वाटेल. ज्यांच्याकडे सनरूफ आहे ते खरंच वापरतात का? बाहेरून बसवून घेतलं तर स्वस्तात होईल, असंही यजमान म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई,

सनरूफ घेतलेली माणसं ते वापरतात. पण शोरूममध्ये बटण दाबताना जे चित्र डोळ्यांपुढे असतं, तसा वापर फार थोड्यांचा होतो. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सनरूफवाल्यांची पत्रं बरीच असतात आणि त्यांचा सूर बहुतेक एकच असतो. सुरुवातीला घरातलं प्रत्येक जण ते उघडून बघतं, पाहुण्यांना दाखवलं जातं, मग काच बंदच राहायला लागते. शेवटी उरतात दोन सवयी. एक म्हणजे संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी आतली झडप मागे सारून नुसता उजेड घेणं. दुसरी म्हणजे काच मागच्या बाजूनं बोटभर उचलून, ज्याला टिल्ट म्हणतात तसं करून, आतली कोंदट हवा बाहेर जाऊ देणं. काच पूर्ण सरकवून वारा खात जाण्याचे प्रसंग वर्षाकाठी मोजकेच येतात.

या दोन सवयी कमी लेखण्यासारख्या नाहीत. धावत्या गाडीच्या छपरावरून हवा वेगानं वाहते, तिथला दाब उतरतो आणि तिरकी उचललेली काच आतली गरम हवा वर ओढून घेते. खिडकी उघडल्यावर तोंडावर जो झोत येतो, कानाशी जो आवाज होतो, तो यात नसतो. बाजारात उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीत बसल्यावर पहिली दोन मिनिटं काच टिल्ट करून खिडक्याही खाली घेतल्या, तर भट्टीसारखी हवा लवकर निघून जाते आणि मग एसीचं काम हलकं होतं. खरं सांगायचं तर नुसत्या चारही खिडक्या उघडूनही हे बऱ्यापैकी साधतं.

आता तुमच्या गावाचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारी सरता सरता सोलापूरचं ऊन चढायला लागतं आणि मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो. त्या दिवसांत दुपारी छपरातली झडप उघडी ठेवणं कोणालाच जमत नाही. काचेला रंग असतो, काही गाड्यांत उष्णता अडवणारा थरही असतो, तरी डोक्यावर ऊन जाणवतंच आणि एसी दमतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं तेव्हा उजेडासाठी झडप उघडता येते, पण काच नाही. राहिले नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. हा मोसम मात्र खरा. हुरड्याला मंगळवेढ्याकडे जाताना, भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जाताना छपरावर ऊब आणि प्रकाश असणं सुखाचं आहे. पण नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पाचटाचा भुगा, बाजूपट्टीवरची उडणारी माती. उघड्या छपरातून हे सगळं सीटवर येतं.

सनरूफ युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांत रुजलं ते गाड्यांना एसी नसण्याच्या काळात, आणि तिथल्या थंड भागांत तर महिनोन् महिने ऊन दिसत नाही. लंडनला किंवा टोरांटोला राहणारी आपली माणसं सनरूफ आवडतं म्हणतात तेव्हा मला ते पटतं. हिवाळ्यात दुपारी चारला अंधारून येणाऱ्या गावात छपरातून येणाऱ्या उजेडाची किंमत वेगळी असते. महाबळेश्वर, पाचगणी, अगदी नाशिकच्या वाचकालाही मी थोडं वेगळं उत्तर दिलं असतं. तुम्हाला मात्र सोलापूरचंच उत्तर द्यायला हवं.

यात आणखी एक गोष्ट आहे जी शोरूममध्ये कोणी फोडून सांगत नाही. मुलांनी रस्त्यावर किंवा जाहिरातीत जे पाहिलंय ते बहुधा पॅनोरमिक सनरूफ असणार, पुढून मागच्या सीटच्या डोक्यापर्यंत पसरलेली मोठी काच. अलीकडे काही छोट्या एसयूव्हींतही ते मिळतं, महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये २०२४ साली आलं. पण तुमच्या किमतीच्या बहुतेक गाड्यांत सनरूफ एका छोट्या काचेचं असतं आणि ते पुढच्या सीटच्या वर किंवा जरा मागे येतं. म्हणजे ज्यांचा हट्ट आहे ती मुलं मागच्या सीटवर पट्टा लावून बसली की त्यांना त्यातून आभाळाचा एक तुकडा तिरका दिसणार. प्रत्यक्ष उपभोग पुढे बसणाऱ्यांचा. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते आधी पाहून घ्या. मुलांना मागे बसवून विचारा, काय दिसतंय.

आणि ताई, इथेच तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट आहे. नऊ आणि चार वर्षांची मुलं सनरूफ कशासाठी मागतात? वर उभं राहून डोकं बाहेर काढण्यासाठी. लग्नाच्या वरातीत, महामार्गावर, रविवारी संध्याकाळी तलावाकाठी हे दृश्य आता रोजचं झालंय, आणि मुलांना वाटतं की ते छिद्र त्यासाठीच केलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूत चालत्या गाडीच्या सनरूफमधून असाच एक लहान मुलगा बाहेर उभा होता. उंच वाहनं अडवण्यासाठी रस्त्यावर जी आडवी लोखंडी कमान असते, तिच्यावर त्याचं डोकं आदळलं. चालकाला ती कमान दिसली असणार, पण गाडी तिच्याखालून सहज जाते, म्हणून त्याच्या लेखी ती नव्हतीच. गाडीची उंची आपल्या अंगवळणी पडलेली असते, छपरावर उभ्या असलेल्या मुलाची पडलेली नसते. झाडाची वाकलेली फांदी, मंडपाची कमान, दिव्यांच्या माळा, केबलच्या लोंबत्या तारा. संक्रांतीच्या आगेमागे तर बंदी असूनही नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा येतोच, आणि दुचाकीस्वारांचे गळे त्यानं कापले गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ताशी चाळीसच्या वेगात जोरात ब्रेक लागला तर उभ्या मुलाची छाती काचेच्या चौकटीवर आपटते, आणि तिथे त्याला ना पट्टा धरून ठेवतो, ना एअरबॅग.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे, म्हणजे सनरूफमध्ये उभं राहणं कायद्यानंही बसत नाही. पण दंडापेक्षा मला घरातला हट्ट अवघड वाटतो. एकदा ते छिद्र छपरात आलं की दर फेरीला ‘फक्त या गल्लीपुरतं’ ही विनवणी सुरू होते. आजी-आजोबा विरघळतात, बाबा विरघळतात आणि नाही म्हणणारी वाईट ठरते. तुमच्या घरात ती कोण असेल, हे तुमचं पत्र वाचून कळतंच. सनरूफ घ्यायचंच ठरलं, तर गाडी घरी येण्याआधी यजमानांनी स्वतः मुलांना सांगायला हवं की गाडी चालू असताना कोणीही उभं राहणार नाही. गल्लीतही नाही, पाहुण्यांची मुलं असली तरी नाही. हे तुम्ही सांगून चालणार नाही, त्यांनीच सांगायचं.

घाटाबद्दलही थोडं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ताम्हिणी घाटात डोंगरावरून सुटलेला दगड चालत्या गाडीच्या सनरूफची काच फोडून आत आला आणि पुढे बसलेल्या महिलेचा त्यात मृत्यू झाला. मोठा दगड पत्र्यालाही जुमानत नाही, आणि त्या एका घटनेवरून सनरूफवाली प्रत्येक गाडी धोक्याची ठरवणं मला बरोबर वाटत नाही. पण पावसात दरडी कोसळणाऱ्या घाटातून तुमचं वरचेवर जाणं-येणं असतं, तर मी नक्कीच ते हिशेबात धरलं असतं.

आता पैशांचं. तुम्ही बँकेत आहात, तरी हा हिशेब शोरूमच्या कोटेशनमध्ये नीट दिसत नाही म्हणून मांडते. दोन व्हेरियंटमधला फरक तुम्ही ८० हजार धरलाय. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नोंदणीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के रोड टॅक्स आहे. तुमचं वरचं व्हेरियंट नेमकं ती सीमा ओलांडतं आणि मग वाढीव दर साऱ्या किमतीला लागतो. खालच्यावर कर १ लाख ५ हजार ६०० रुपये, वरच्यावर १ लाख २४ हजार ८००. म्हणजे करातच १९,२०० चा फरक. १० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापून घेतलेला आयकर, घेतो. तो पुढे आयकर विवरणपत्र भरताना जमा धरला जातो, पण गाडी घेताना हातातून जातो तो जातोच. विमाही थोडा चढतो. टीसीएस आणि विमा सोडला तरी फरक ९९ हजारांच्या वर गेला. हे पैसे पाच वर्षांच्या कर्जात, समजा ९ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याला २,०५० च्या वर हप्ता वाढतो आणि फेडताना एकूण सव्वा लाखाच्या घरात जातात. त्यात मोठी स्क्रीन आणि अलॉय व्हील्सही येतात हे खरं. पण त्यांच्यासाठी तुमच्या घरात कोणी भांडत नाहीये, सौदा सनरूफचाच आहे.

विकताना हे पैसे परत येतात का? जुन्या गाड्यांच्या बाजारात सनरूफ विचारलं जातं, त्यानं गिऱ्हाईक लवकर मिळतं, थोडा भावही वर राहतो. दिलेले सगळे पैसे मात्र वसूल होत नाहीत. आणि तोवर ते सांभाळावं लागतं, ते वेगळंच.

सांभाळणं म्हणजे मुख्यतः पाणी. पुष्कळांचा समज असतो की काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवतं. तसं नसतं. रबराच्या कडेनं थोडं पाणी खालच्या पन्हाळीत उतरणार हे धरूनच सनरूफ बनवलेलं असतं. त्या पन्हाळीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात, छपराच्या खांबांमधून खाली जातात आणि पाणी गाडीखाली सोडतात. या नळ्यांत माती, पाचट, कडुनिंबाची पानं बसली की पाणी तुंबतं आणि आतल्या छताच्या कापडावर डाग पडतात किंवा पायांखालची मॅट ओली होऊन वास मारायला लागते. माणसाला वाटतं सनरूफ गळतंय, रबर बदलूया. खरं दुखणं नळीत असतं. म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी काच उघडून पन्हाळ मऊ ओल्या फडक्यानं पुसायची, कपभर पाणी हळूच पन्हाळीत सोडायचं आणि गाडीखाली ठिबकतंय का बघायचं. ठिबकलं नाही तर मेकॅनिककडे न्यायची. नळीत स्वतः तार खुपसायची नाही, कारण नळी जोडातून सुटली तर ते पाणी थेट गाडीत येतं. धबधब्याखाली गाडी लावून सनरूफची परीक्षा घेण्याचा जो प्रकार पावसाळ्यात चालतो, तो कोणीही करू नये. त्या पन्हाळी पावसासाठी असतात, कड्यावरून कोसळणाऱ्या लोंढ्यासाठी नसतात.

विम्याचं थोडक्यात. काच फुटली तर सर्वसमावेशक पॉलिसीत ती येते, आणि काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्यापोटीची रक्कम, कापत नाहीत. रबर, प्लॅस्टिक आणि नायलॉनच्या भागांवर झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) नसेल तर निम्मी रक्कम कापली जाते. मोटर जळली, केबल अडकली, रुळावरून काच सरकेनाशी झाली, तर त्याला मात्र साध्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. वॉरंटी संपल्यावर ती दुरुस्ती आपल्या खिशातून.

बाहेरून बसवून घेण्याचा विचार यजमानांनी आजच सोडून द्यावा, हे मी आर्जवानं सांगते. छपराचा पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या गाडी उलटली तर माणसांना वाचवण्यासाठी असतात. कंपनी सनरूफवाली गाडी बनवते तेव्हा त्या भागाची रचनाच त्या हिशेबानं करते. कापून बसवणाऱ्याकडे तो हिशेब नसतो. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग छताच्या कडेनं दुमडून ठेवलेल्या असतात, त्यांच्या जवळच करवत फिरते. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि विम्याच्या दाव्यात तसंच कंपनीच्या वॉरंटीत त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं.

सासूबाईंना गाडी लागते त्यावर सनरूफ हे औषध नाही. गाडी लागते ती डोळे आणि कान मेंदूला वेगवेगळं सांगतात म्हणून. पुढचा रस्ता लांबवर दिसत राहिला की त्रास कमी होतो, म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल बघू देऊ नका, निघण्याआधी पोट अगदी रिकामं किंवा तुडुंब नको. ताज्या हवेनं बरं वाटतं हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी खिडकी दोन बोटं खाली घ्या. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर ही तुमची नेहमीची अंतरं असणार. त्यात मध्ये एकदा थांबलात तरी पुष्कळ फरक पडेल.

राहिला कंजूषपणाचा आरोप. तो मला मान्य नाही, पण यजमानांचीही बाजू आहे. इतकी वर्षं दुचाकीवर वारा अंगावर घेतलेल्या माणसाला बंद पत्र्याच्या डब्यात बसणं पहिले काही महिने खरंच कोंदट वाटतं. त्यांना आभाळ हवंय, यात मिरवणं असेलच असं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि पहिली गाडी ही हौसच असते. म्हणून त्यांच्याशी ‘चार दिवसांची हौस’ या शब्दांत बोलू नका. त्यापेक्षा शोरूमकडून वरच्या व्हेरियंटची डेमो गाडी दुपारी दोन वाजता मागा, सकाळी अकराची वेळ घेऊ नका. गाडी उन्हात दहा मिनिटं उभी ठेवा, मग झडप उघडी ठेवून सगळे जण बसून विजापूर रोडला फेरी मारून या. काच पूर्ण उघडून साठ-सत्तरच्या वेगात जाऊन बघा. काही वेगांना कानाशी धपधप असा दाब येतो, मागची एक खिडकी जराशी उघडली की तो जातो, पण तेही अनुभवलेलं बरं. यजमान उंच असतील तर डोकं छताला किती जवळ येतं तेही पाहावं, कारण सनरूफच्या यंत्रणेनं तिथली थोडी जागा खाल्लेली असते. एवढं करून ते म्हणाले की मला हवंच आहे, आणि वाढीव हप्ता तुमच्या घराला ओढाताण न होता झेपत असेल, तर आनंदानं घ्या आणि पुन्हा तो विषय काढू नका.

माझं मत विचाराल तर खालचंच व्हेरियंट घ्या. सुरक्षिततेचं जे जे हवं ते त्यात आहे. ते वरच्यातच मिळत असतं, तर सनरूफ गळ्यात पडलं तरी चालेल, पण वरचं घ्या असं मी सांगितलं असतं. वाचलेल्या पैशांतून चार वर्षांच्या मुलासाठी चांगली चाइल्ड सीट घ्या, आणि मुलीचा पट्टा मानेवर येत असेल तर तिला बूस्टर. उरलेल्यातून तुम्ही स्वतः गाडी शिका. दोघांनाही चालवता आली तर ती गाडी तुमच्या घराला दुप्पट उपयोगाची होईल.

बुकिंग करताना व्हेरियंटचं पूर्ण नाव आणि रंग पावतीवर लिहून घ्या. खालच्याला थांबावं लागेल, वरचं आजच मिळेल असं विक्रेते बऱ्याचदा सांगतात. तसं झालं तर त्याच कंपनीच्या पंढरपूरच्या किंवा बार्शीच्या विक्रेत्याकडेही चौकशी करा, आणि गरज पडली तर थांबा.